ट्यूनिंगवाल्याची एक थाप, शोरूमची दुसरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरला गाडीचा नाद नवा नाही. हेड घासून, बोअर मारून दुचाक्या पळवणारे मिस्त्री आपल्या उद्यमनगरात पूर्वीपासून आहेत. आता पाना न उचलता, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून तासाभरात इंजिनाची ताकद वाढवून मिळते. ट्यून म्हणा, रीमॅप म्हणा, ‘स्टेज वन’ म्हणा, गाडी खरोखर पळते. त्यात फसवणूक नाही. फसवणूक आहे ती सोबत फुकट मिळणाऱ्या वाक्यात : ‘वॉरंटीला काही होत नाही, शोरूमला कळतच नाही.’ पुढे गाडी बिघडली की शोरूमच्या काउंटरवर दुसरे वाक्य ऐकायला मिळते : ‘बाहेर हात लावलात, आता सगळीच वॉरंटी गेली.’ पहिली थाप आहे आणि दुसरीही थापच आहे. दोन्हींच्या मध्ये गिऱ्हाईक लाखभराच्या बिलाला सामोरे जाते, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी ट्यूनमध्ये नेमके काय बदलते ते पाहू. इंजिनाच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, तक्ते भरलेले असतात. किती आरपीएमला, ॲक्सिलरेटर किती दाबल्यावर, किती इंधन सोडायचे, टर्बोने, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याने, किती दाब द्यायचा, पेट्रोल गाडीत ठिणगी किती अंश आधी टाकायची, हे सगळे त्यात असते. त्या तक्त्यांवर लगाम असतात : टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मर्यादा, डिझेलमध्ये धुराची मर्यादा, एक्झॉस्टच्या तापमानाची मर्यादा. ट्यूनर तक्ते बदलतो आणि लगाम सैल करतो. टर्बो डिझेलमध्ये यातून २० ते ३० टक्के ताकद सहज वाढते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात पाच-आठ टक्के मिळाले तरी खूप झाले. तिथे पैसे घालवूच नयेत.

मग कंपनीने ही ताकद आधीच का दिली नाही? मे महिन्यातले ऊन, कुठल्यातरी पंपावरचे पाणी मिसळलेले डिझेल, सात माणसे आणि टपावर सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा करूळ घाट, दोन हजार किलोमीटर उशिरा बदललेले ऑइल, या सगळ्यांतून इंजिन वॉरंटीभर तगावे म्हणून ती शिल्लक ठेवलेली असते. ट्यून ती शिल्लकच खर्च करतो.

नुकसान कुठे होते ते डिझेलमध्ये आधी पाहू. धुराची मर्यादा उठवली की हवेच्या मानाने डिझेल जास्त पडते आणि मागून काळा धूर निघतो. ‘जाळ अन् धूर संगटच’ ही म्हण इथे शब्दशः खरी होते. ज्वलन लांबते, एक्झॉस्टचे तापमान चढते. लांब चढणीवर ते ८०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिले, तर पिस्टनचा माथा आणि टर्बोचे चाक दोन्ही धोक्यात येतात. लहान टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. दाब वाढवायचा म्हणजे तो आणखी जोरात फिरवायचा आणि त्याचे बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केले, की ते ऑइल तिथेच जळून कोळसा होते. पुढे शाफ्टला खेळ येतो, मग शिट्टी ऐकू येते, मग टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइल सापडते.

बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. काजळी साठली की गाडी जादा डिझेल सोडून ती गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि जाळून मोकळी करते. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत गाडी चालावी लागते, उदाहरणार्थ महामार्गाने कागलच्या पुढे. शहरात रंकाळा ते शाहूपुरी एवढेच फिरणाऱ्या गाडीची गाळणी आधीच अर्धवट जळते. त्यात ट्यूनने काजळी वाढवली की गाळणी तुंबते आणि अर्धवट जळणातले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ‘ऑइल कमी होत नाही, गाडी मस्त आहे’ असे समजू नये. ते पातळ झालेले ऑइल असते आणि त्यावरच टर्बोचे बेअरिंग फिरत असते. यावर काही जण गाळणी पोकळ करून सेन्सर सॉफ्टवेअरमधून गप्प करण्याचा उपाय सुचवतात. तो सरळ गुन्हा आहे, त्याबद्दल खाली.

स्वस्तातली पिगीबॅक पेटी हा वेगळाच प्रकार. ती ईसीयूला हात लावत नाही, कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, दाबाच्या सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवून कमी करून सांगते. रेलमध्ये खरा दाब १५५० बार असताना ईसीयूला १४०० दिसतात, म्हणून तो आणखी वाढवतो. म्हणजे ज्याने इंजिन सांभाळायचे त्यालाच खोटे वाचन देऊन काम करून घ्यायचे. पंप आणि इंजेक्टर, आपल्याकडच्या भाषेत पंप-नोझल, यांच्यावर तो ताण पडतो. दाब हाताबाहेर गेला की गाडी ताकद तोडून ‘लिंप मोड’मध्ये जाते, तीही नेमकी ओव्हरटेक करताना.

पेट्रोल टर्बोची गोष्ट इंधनाशी बांधलेली आहे. बाहेरून विकत आणलेल्या ट्यूनच्या बऱ्याच फाइली युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेल्या असतात; ऑक्टेन जास्त, तितके पेट्रोल अवेळी पेटण्याची भीती कमी. आपल्या साध्या पेट्रोलसाठी बीएस-६ मध्ये किमान ९१ ऑक्टेनची अट होती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले बरेचसे इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतले. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, पण हवा-इंधनाचे गणित बदलते. निव्वळ पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरला मात्र ट्यूनरने तक्त्यात काय लिहिले आहे त्यावर बराच भार असतो. तिथे मिश्रण पातळ (इंधन कमी) राहिले आणि ठिणगी आधी पडली, तर इंजिन ‘नॉक’ करते, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके पडतात. कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय दाबला, तर ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार घडतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. फाइल ‘आपल्याकडच्या पेट्रोलवर लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरांची नोंद) घेऊन लिहिली आहे का’ हा पहिला प्रश्न विचारावा. उत्तरात नुसते ‘इम्पोर्टेड आहे’ आले, तर तिथून उठावे.

सायलेन्सरमधून फटाके वाजवणारा ट्यून संध्याकाळी रंकाळ्यावर ऐकू येतो. त्यात पाय सोडल्यावर मुद्दाम इंधन टाकून, ठिणगी उशिरा पाडून ते एक्झॉस्टमध्ये पेटवतात. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी त्या दणक्यांनी तडकते. आवाजापलीकडे त्यातून काहीही मिळत नाही.

इंजिन सहन करील, पण पुढचे भाग? इथे कागदावरचा आकडा बघावा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि त्याला जोडलेल्या डीक्यू २०० या कोरड्या क्लचच्या सात गिअरी डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन-मीटर. म्हणजे कंपनीतूनच ती काठोकाठ भरलेली आहे. त्यावर ३०० चा ट्यून टाकायचा आणि वर क्लच-पॅक किंवा मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट) गेल्यावर वॉरंटी मागायची, हे बसत नाही. मॅन्युअल गाडीत क्लच घसरतो का ते तपासायला सोपे आहे : चौथ्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा चढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली. ट्यूनच्या आधी ही चाचणी करावी, नंतर नव्हे.

आता ‘कळत नाही’ या थापेकडे. कारचे सर्व्हिस सेंटर स्कॅनर लावते तेव्हा नुसते एरर कोड दिसत नाहीत. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरला ओळख क्रमांक असतो आणि त्या मजकुरावरून निघणारा पडताळा क्रमांकही असतो. एक तक्ता बदलला तरी हा दुसरा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळेनासा होतो. अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा सॉफ्टवेअर लिहिले गेले याची मोजदादही ठेवतात, म्हणून ‘सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल टाकून देतो’ या उपायाने गाडी मूळ फाइलवर येते, पण मोजदाद एकाने वाढते. फोक्सवॅगन समूहात तर ट्यून सापडला की गाडीच्या नोंदीला ‘टीडी-१’ अशी खूण लागते आणि ती इतर डीलरांनाही दिसते. याशिवाय कोड पडताना ईसीयू त्या क्षणाची नोंद जपतो : आरपीएम किती, भार किती, बूस्ट (टर्बोचा दाब) किती. पी ०२३४, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेपलीकडे गेल्याचा कोड, आणि सोबत कंपनीच्या तक्त्यात कुठेच नसलेला बूस्टचा आकडा दिसला, की वेगळा पुरावा लागत नाही. पिगीबॅक पेटी काढून ठेवली तरी सेन्सरच्या प्लगवरचे ओरखडे आणि जळालेला इंजेक्टर बोलतातच.

उलटही घडते. ठरलेल्या सर्व्हिसला कंपनी नवे सॉफ्टवेअर टाकते आणि तुमचा ट्यून पुसला जातो. शोरूम त्याची भरपाई देत नाही. ट्यूनरने फाइलला कुलूप लावले असेल, तर मध्येच लिखाण अडकून ईसीयू मृत होऊ शकतो. ट्यूनिंगच्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज पडला तरी तेच. लिखाण चालू असताना स्थिर चार्जर जोडून १३ व्होल्टच्या वर ठेवणारा माणूसच बरा.

आता दुसरी थाप, ‘सगळी वॉरंटी गेली’. नेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आपले तरुण मॅग्नुसन-मॉस कायद्याचा दाखला देतात. १९७५ चा तो अमेरिकी कायदा तिथल्या ग्राहकासाठी आहे, कोल्हापूरच्या शोरूममध्ये तो चालत नाही. आपल्याकडे वॉरंटी हा करार आहे आणि त्याची कलमे ग्लोव्ह बॉक्समधल्या वॉरंटी पुस्तिकेत छापलेली असतात. ‘फेरफार’, ‘अनधिकृत बदल’, ‘स्पर्धेसाठी वापर’ यांमुळे झालेले नुकसान वगळल्याचे वाक्य त्यात बहुधा असते. ते वाक्य शब्दशः वाचावे. ‘फेरफारामुळे झालेले नुकसान’ वगळणे आणि ‘फेरफार झाल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध जो आदेश दिला, त्यात बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असे म्हटले होते. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा त्याचा आशय. त्या आदेशावर पुढे अपिले झाली आणि तो विषय दुरुस्तीचा होता, ट्यूनिंगचा नव्हे, हे सांगायलाच हवे. तरी त्यातला तर्क सरळ आहे आणि ग्राहकाने तो मांडावा. ट्यून केलेल्या गाडीचा टर्बो, इंजेक्टर, पंप, पिस्टन, हेड गॅसकेट, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, डीपीएफ, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था) या भागांची वॉरंटी गेली असेच धरून चालावे. पण त्याच गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर, काचेची मोटर, टचस्क्रीन, सस्पेन्शनचे बुश, रंग किंवा गंज यांचा क्लेम ट्यूनच्या नावाखाली नाकारला, तर ते मान्य करू नये. इंजिन माउंट, रेडिएटर, स्टार्टर हे मधले भाग. तिथे वाद होणार. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटी मूळ वॉरंटीहून निराळ्या असतात, त्याचा कागद वेगळा वाचावा.

वॉरंटीपेक्षा मोठा धोका कायद्याचा आहे आणि त्याबद्दल ट्यूनर अवाक्षर काढत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. डीपीएफ पोकळ केला, कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला, तर प्रदूषण व आवाजासाठी कलम १९० (२) लागते : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

विम्याबद्दल थोडक्यात : बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर सर्व्हेअर तो मुद्दा काढू शकतो.

इतके वाचूनही ज्यांना ट्यून करायचाच आहे, त्यांनी निदान वॉरंटी संपेपर्यंत थांबावे. आणि करण्यापूर्वी गाडी निरोगी आहे का ते बघावे. कॉम्प्रेशन चाचणी घ्यावी, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यावेत. स्कॅनरवर रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब, बूस्टचा मागितलेला आणि प्रत्यक्ष आकडा चढणीवर जुळतात का पाहावे. जुळत नसतील, तर आधी फुटलेला होज किंवा मेलेला सेन्सर शोधावा. प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा, म्हणजे ईसीयू त्याचे इंधन किती कमी-जास्त करतो तो आकडा, पाहावी, एकाच नोझलचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल, तर त्यावर ट्यून चढवणे म्हणजे पिस्टन जाळायला घेणे. पेट्रोल टर्बोत नवे प्लग टाकून त्यांचा गॅप साधारण ०.८ मिमीवरून ०.६ पर्यंत आणावा, नाहीतर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते आणि मिसफायर येतो. ऑइल १०,००० ऐवजी ७,००० किलोमीटरला बदलावे, तेही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे.

ट्यूनरकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर, ट्यूनच्या आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद, पूर्ण ॲक्सिलरेटरचा लॉग, आणि काय काय बदलले ते लिहिलेले बिल. बिल द्यायला खळखळ करणाऱ्याकडे गाडी टाकू नये. जुनी गाडी घेणाऱ्यांनाही सांगणे आहे : वॉरंटी शिल्लक असलेली टर्बो गाडी घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचा सॉफ्टवेअर क्रमांक तपासून घ्यावा. आधीच्या मालकाचा ट्यून तुमच्या गळ्यात पडतो आणि क्लेम नाकारला जाईपर्यंत पत्ता लागत नाही.

क्लेम नाकारला, तर काउंटरवर भांडून उपयोग नसतो. जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट मागा, नुसता कोडचा फोटो नव्हे; त्यात सॉफ्टवेअर क्रमांक आणि कोड पडतानाची नोंद असली पाहिजे. नाकारण्याचे कारण लेखी मागा आणि त्यात वॉरंटी पुस्तिकेचे कोणते कलम लावले ते लिहायला सांगा. ‘कंपनीने नाही म्हटले’ हे कारण नव्हे. बिघडलेला भाग ताब्यात घ्या किंवा सीलबंद करून तिथेच ठेवायला लावा, कारण भंगारात गेलेल्या टर्बोवरून काहीच सिद्ध होत नाही. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्ह्यातच चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो; म्हणूनच भाग जपायचा.

आपल्या दैनिकामार्फत शहरातल्या डीलरांकडे एक मागणी आहे. ट्यूनच्या कारणावरून क्लेम नाकारताना स्कॅन रिपोर्ट, लावलेले कलम आणि ट्यूनमुळे तोच भाग कसा गेला याचे दोन ओळींचे तांत्रिक कारण, एवढे एका कागदावर सही-शिक्क्यानिशी ग्राहकाला द्यावे. स्कॅनर त्यांच्याकडे आहे, प्रिंटरही आहे.

आपला,
वाहन दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर